थंड धुराचा फंडा

परवा काकाचं कपाट आवरताना दोन पाइप हाती लागले. दोन्हींच्या दांड्या चक्क अ‍ॅल्युमिनियमच्या! आपल्याला गॅजेट दिसलं की खाज सुटतेच. लगेच दोन्ही खोलून बसलो.

पहिला फाल्कन. केन्ली बग या अमेरिकन इंजिनिअरनं १९३६ मध्ये काढलेला. ब्रायरच्या लाकडाची वाटी पेचावर बसते. फिरवा, काढा, दुसरी लावा. वाटीखाली छोटीशी बशी. धुरातली ओल तिथे जमते. पुसली की झालं.

दुसरा सिएटलचा कर्स्टन. कर्ते फ्रेडरिक कर्स्टन, विमानविद्येचे प्राध्यापक. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विंड टनेलला त्यांचंच नाव आहे. इथे बशीबिशी नाही. जाड नळीच रेडिएटरचं काम करते. धूर त्यातून जाताना थंड होतो आणि ओल आत साचते. डोकं सॉलिड, पण साफसफाई जास्त.

माझा निकाल : सोय फाल्कनची, इंजिनिअरिंग कर्स्टनचं.

काकाला ऐकवला. तो म्हणाला, ‘‘गार धूर म्हणजे सेफ, असं मीही वीस वर्षं समजत होतो.’’ गेल्या वर्षी त्याच्या तोंडात पांढरा चट्टा निघाला. बायोप्सीच्या रिपोर्टसाठी आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नव्हतं. सुटला बिचारा. पाइप त्याच दिवशी बंद.

धातू धुरातली आच काढतो. तंबाखूतलं विष पोचायचं ते पोचतंच, आणि कॅन्सरला गार-गरम कळत नाही. ऑफिसखाली ‘एकच झुरका’ म्हणणाऱ्यांनो, ऐकताय ना?