आधी निजामपुरा, मग नागालँड

पदवी हातात पडली की लगेच नोकरीला जुंपून घ्यायचं नाही, वर्षभर देश हिंडायचा, असे बेत आता भिवंडीतली पोरंही करू लागली आहेत. ‘गॅप इयर’ म्हणतात त्याला. मला त्यात वावगं काही दिसत नाही. या वयात नाही हिंडायचं तर कधी? आमच्या शेजारची मुलगी डिसेंबरात नागालँडला निघाली आहे. मोबाइलमध्ये तिने यादी केली आहे : देवळात चप्पल काढायची, दर्ग्यात डोकं झाकायचं, खेड्यात तोकडे कपडे नकोत, फोटो विचारून काढायचा. ‘काका, आणखी काय लिहू?’ म्हणाली. यादीत चूक अशी नव्हती. पण गावागावात ‘स्थानिक संस्कृती’ नावाची एकेक पक्की गोष्ट असते, असं ती यादी धरून चालते. माझं घोडं तिथेच अडतं.

आपला निजामपुराच घ्या. महापालिकेच्या नावात भिवंडीला जोडून आलेला. या परिसरात तांदळाची भाकरी खाणारे जुने कोकणी मुसलमान आहेत, १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू बोलणारी नातवंडं-पतवंडं आहेत. पद्मानगरात तेलुगू पद्मशाली, त्यांचा बतुकम्मा सण. शिवाय यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कारागीर. यातली ‘स्थानिक’ रीत कुणाची धरायची?

आणि इथे दुसऱ्याची रीत सांभाळणं हा पाहुण्याच्या शिष्टाचाराचा मामला कधीच नव्हता. शिवजयंतीच्या मिरवणुकीने निजामपुऱ्यातल्या जुम्मा मशिदीसमोरून जायचं का, तिथे गुलाल उधळायचा का, घोषणा कोणत्या द्यायच्या, या वादांवर वर्षानुवर्षं ताणाताणी झाली. मे १९७० मध्ये मिरवणुकीच्या दिवशीच दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात ते सगळं आहे; जाडजूड आहे, पण भिवंडीकराने वाचावं असं. १९८४ मध्ये पुन्हा दंगल.

मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस, एकत्र बसून बोलायची. पुढारी नव्हे, हे महत्त्वाचं. संकट आल्यावर सभा भरवण्यापेक्षा आधीपासून तोंडओळख असावी, अशी ती रचना. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा एवढा पूर्वेतिहास असलेली भिवंडी शांत राहिली. खोपड्यांचं श्रेय किती आणि इतर कारणं किती, यावर वाद घालणारे घालोत. मला त्यातली विचारण्याची सवय मोलाची वाटते. समोरच्याला काय खुपतं याचा अंदाज बांधत बसायचं नाही, त्यालाच विचारायचं. आणि ‘नको’ म्हणाला तर रस्ता बदलायचा.

प्रवाशाला हे ‘नको’ फार जड जातं. एवढे पैसे खर्चून आलोय, मग बघायला मिळालंच पाहिजे! शेजारच्या पालघर जिल्ह्यात वारल्यांचा तारपा नाच आहे. भात तयार होतं त्या दिवसांतला तो नाच. आता रिसॉर्टवाल्यांना तो एप्रिलमध्येही हवा असतो, जेवणाआधी अर्धा तास. नाचणाऱ्यांना चार पैसे मिळतात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पाहुण्यांनी मात्र आपण सण पाहिला असं समजू नये. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सवही राज्य सरकार २००० पासून पाहुण्यांना बोलावण्यासाठी भरवतं. कोहिमाजवळ किसामाला तो भरतो, तिथे शेजारच्या मुलीने मनसोक्त फोटो काढावेत. तिथून पुढच्या एखाद्या गावात, कुणाच्या चुलीपाशी बसल्यावर, हिशेब बदलतो. इनर लाइन परमिट राज्याच्या हद्दीत जाऊ देतं, चुलीपाशी नाही.

सराव म्हणून मी तिला जायच्या आधी इथलाच एक कारखाना बघून यायला सांगितलं. इतकी वर्षं भिवंडीत राहून तिने माग जवळून पाहिलेला नव्हता, यात नवल नाही. आपल्यातले बरेचसे खटखट ऐकतात आणि खिडकी लावून घेतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. रात्रपाळीचा माणूस दिवसा त्याच खोलीत झोपतो, जिथे दिवसपाळीचा रात्री झोपणार असतो. दुपारी तिथे मोठ्याने बोलू नये, हे कुठल्याच यादीत सापडत नाही. दाराशी उभं राहून विचारलं तर कुणीही सांगतं.

ती गेली, आणि परत येऊन म्हणाली, ‘शेठने फोटोला परवानगी दिली.’

मी म्हटलं, ‘आणि मागावरच्याने?’

ते तिने विचारलं नव्हतं. उद्या पुन्हा जाते म्हणाली. मागाच्या आवाजात विचारायचं कसं, एवढीच तिला अडचण होती. मी तिला पाळी बदलायची वेळ सांगितली.