मंजूर झालेलें साह्य

साथीच्या रोगानें घरचा कर्ता पुरुष गेला म्हणजे दुःखामागोमाग दारिद्र्यही उंबरठा ओलांडतें. करोनाच्या साथींत हें आपण पाहिलें. सन २०२१ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें मृताच्या वारसांस ५०,००० रुपये देण्याच्या योजनेस मान्यता दिली. मृत्यूच्या दाखल्यावर करोना हें कारण लिहिलेलें नाहीं, एवढ्याच सबबीवर कोणास नाकारूं नये, असेंही बजाविलें. परंतु जिला अक्षरओळख नाहीं, त्या विधवेस हें कोण सांगणार? साह्य मंजूर होणें निराळें व तें पदरांत पडणें निराळें. अशा शेजारणीचे कागद लावून देणें, तिचा अर्ज लिहून देणें, ही माझ्या मतें साक्षराची खरी सेवा होय. विद्येच्या ऋणाचा पहिला हप्ता तेथेंच फेडावा.