मांडवीतील कॅसिनो : करमणूक पाहुण्यांची, महसूल राज्याचा

पणजी : सायंकाळ होताच मांडवी नदीत नांगरलेली कॅसिनो जहाजे दिव्यांनी उजळतात आणि पर्यटकांना घेऊन छोट्या बोटी धक्क्यावरून सुटू लागतात. प्रवेशशुल्कातच बहुधा भोजन, मद्य, संगीत-नृत्य आणि खेळण्यासाठी काही चिप्स मिळतात. त्यामुळे येथे येणारा प्रत्येक जण स्वतःला जुगारी मानत नाही. तो एका रात्रीची करमणूक विकत घेत असतो.

या करमणुकीमागचे गणित मात्र चोख आहे. युरोपीय रूलेच्या चक्रावर ३७ घरे असतात. अचूक आकडा लागल्यास ३५ पट रक्कम मिळते, वाजवी मोबदला ३६ पट ठरतो. या एका घराच्या फरकामुळे पैजेच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. एखाद्याचे नशीब फळफळले तरी हजारो फेऱ्यांत हे गणित चुकत नाही. खेळणारा जितका वेळ रमेल तितका कॅसिनोचा लाभ पक्का. भोजन आणि गाणी ही त्यासाठीचीच गुंतवणूक होय.

गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरील खेळांना मुभा दिली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलांच्या खेळांना वाट मोकळी झाली. मात्र २०२० मध्ये गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. शेजारच्या महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

परिणामी, गोवा आपल्या नागरिकांना ज्या खेळापासून दूर ठेवतो, त्याच खेळाचा महसूल इतर राज्यांतून आलेल्या पाहुण्यांकडून मिळवतो. वस्तू व सेवा कराचा दर आधी २८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. करवाढीने खेळ महागतो, व्यसन मात्र सुटत नाही. जो धोका स्थानिकांसाठी खरा मानला गेला, तो पाहुण्यांसाठी खोटा ठरत नाही. रकमेवर मर्यादा, स्वतःहून प्रवेशबंदी मागण्याची सोय आणि समुपदेशन यांचा विचार परवान्याच्या अटींतच व्हायला हवा. अन्यथा ही बंदी म्हणजे नुकसान टाळणे नव्हे, केवळ ते शेजाऱ्याच्या दारी ढकलणे ठरेल.