पंच मालकाचा, न्याय कुणाचा?

‘नेमणूकपत्र द्या’ ही आपली जुनी मागणी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणे मालकावर बंधनकारक केले. जळगावच्या दालमिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, धुळ्याच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या बाईच्या हाती निदान कागद येईल. पण मैत्रिणींनो, त्या कागदाचा तळही वाचा! ‘वाद झाल्यास कंपनी नेमेल तो लवाद मुंबईत निर्णय देईल व तो बंधनकारक राहील,’ अशी कलमे मोठ्या कंपन्यांच्या करारांत असतात. ती आपल्या कागदावर उतरायला कितीसा वेळ?

याला म्हणे संमती! पोटाची गरज असलेली बाई कलमावर भांडेल की सही करेल? थकलेल्या पगारासाठी मुंबईला खेपा घालायच्या, वर लवादाच्या फीतला वाटाही द्यायचा, म्हणजे तक्रार घरातच मरणार. जातपंचायतीत तरी वेगळे काय होते? पंच त्यांचे, चावडी त्यांची, दंड मात्र बाईला.

कायदा मात्र एवढा आंधळा नाही. किंगफिशर विमान कंपनीने पगार थकवले आणि वैमानिकांपुढे लवादाचे कलम धरले. कामगार कायद्याखालचे असे वाद खासगी लवादाकडे नेता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले. वेतन कायद्याखालच्या दाव्याबाबत सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये हेच सांगितले.

पण हे कवच ‘कामगार’ ठरणाऱ्यांनाच. शिक्षिका कामगार नाही, असे सर्वोच्च न्यायालय १९८८ मध्येच म्हणून बसले आहे. नव्या संहितेत १८ हजारांवर पगार घेणारी सुपरवायझरही कामगार नाही. खासगी क्लासमधल्या बाईने मग कुठे जायचे?

आमचे भांडण लवादाशी नाही. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी अनसूया साराभाई आणि गांधीजींच्या साथीने लवादाचाच आग्रह धरला होता. प्रा. आनंदशंकर ध्रुवांनी ३५ टक्के वाढ दिली. तो पंच झगड्यानंतर, दोन्ही बाजूंच्या मान्यतेने आला होता. नोकरीच्या दारात गळ्यात बांधलेला नव्हता.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. नेमणूकपत्रात लवादाचे कलम घालायलाच बंदी करा, मग ती बाई मजूर असो की मास्तरीण. लवाद हवा तर वाद उभा राहिल्यावर, दोघांच्या पसंतीने. आणि सुनावणी जिथे बाई राबते तिथे, जळगावात आणि धुळ्यात! तोवर सही करण्याआधी कागद संघटनेत आणा. आपण मिळून वाचू.