गाडीची दिनचर्या व ऋतुचर्या

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदयां’त रोगांची चिकित्सा येण्याच्या पुष्कळ आधीं दिनचर्या व ऋतुचर्या असे दोन अध्याय येतात. मनुष्यानें रोज काय करावें आणि ऋतु पालटतांना आपला आचार कसा पालटावा, हें प्रथम सांगून मग आचार्य औषधाकडे वळतात. हाच क्रम लोखंडाच्या देहासहि लागू पडतो, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. त्यास निमित्त झाली ती आमच्या पुतण्याची जीप.

रत्नागिरीकरांस जीप ही नवलाईची वस्तु नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील विलिज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. १९४७ सालीं महिंद्र मंडळीनें मुंबईंत त्या जुळविण्यास आरंभ केला. आणि पुढें जेथें एस्. टी. जात नसे अशा सड्यावरच्या वाड्यांपर्यंत वडापाची जीप जाऊं लागली. मूळची गाडी मोठी आटोपशीर : इंजिन ६० अश्वशक्तीचें, पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर ८० इंच, आणि टायरचा व्यास सुमारें २८ इंच. या सर्वांचें एकमेकांशीं प्रमाण बसविलेलें होतें. हें प्रमाणच आजच्या लेखाचा विषय आहे.

आमचा पुतण्या रोज शहरांतून पावसच्या बाजूस आपल्या आंब्याच्या बागेंत जातो. अर्धी वाट डांबरी, अर्धी जांभ्या दगडाची, व मध्यें एक पऱ्ह्या. त्याची जीप जुनी. डिझेल इंजिन पूर्वीच्या मालकानेंच बसवून नोंदणीपुस्तकांत चढविलेलें. दोन वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं तिचे पाटे उंच करविले व ३१ इंची टायर चढविले. गाडी दिसूं लागली मोठी ऐटबाज! पण एका वर्षाच्या आंत प्रथम मागील शाफ्टचा क्रॉस गेला, मग पुढील चाकाचें बेअरिंग, व नंतर क्लच प्लेट. प्रत्येक वेळीं त्यानें सुट्या भागांच्या दर्जास बोल लावला.

अखेर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे, जो आज उत्तम मिस्त्री आहे, गाडी नेली. तो म्हणाला, “गुरुजी, यांत माल वाईट नाहीं. एक जागा वाढविली कीं भार पुढच्या जागेवर जातो, एवढेंच.”

हें वाक्य आम्ही वर्गांत फळ्यावर लिहिलें असतें. टायर २८ चा ३१ इंच झाला, कीं चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी सुमारें एक दशांश अधिक अंतर तोडते. कांटा ५० दाखवितो तेव्हां वेग खरोखर ५५ असतो. चढावर इंजिनास तेवढेंच अधिक ओढावें लागतें. तो ताण क्लच सोसतो. ब्रेकचा ड्रम तेवढाच राहिल्यामुळें मोठें चाक आवरण्यास अधिक जोर लागतो. रुंद टायर बाहेरच्या अंगास आला, तर बेअरिंगवर तरफेसारखा भार पडतो. आणि पाटे उंच केले, कीं शाफ्ट अधिक तिरपा फिरून क्रॉस लौकर झिजतो. तिन्ही बिघाड एकाच कारणाचीं अपत्यें होतीं.

आतां दिनचर्या. सकाळीं गाडी हलविण्यापूर्वीं ती उभी होती तेथील जमीन पाहावी. मध्यभागीं काळा थेंब असेल तर तें इंजिनाचें ऑइल. चाकाच्या आंतल्या बाजूस ओल असेल तर ब्रेकचा संशय घ्यावा. ब्रेकचें पेडल दाबून क्षणभर तसेंच धरावें; तें हळूहळू खालीं जाऊं लागलें, तर त्या दिवशीं गाडी बाहेर काढूं नये. डिझेलच्या फिल्टरांत सांचलेलें पाणी वेळच्या वेळीं सोडावें. पऱ्ह्या ओलांडल्यावर कांहीं अंतर ब्रेक हलके दाबीत जावें, म्हणजे ड्रम सुकतात. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यांत बुडाला, कीं आंतील हवा आकसून पाणी ओढून घेते; ऑइल दुधाळ दिसलें तर तें त्वरित बदलावें. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर चारहि चाकांस गति देणारा गिअर लावूं नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांची चाल सारखी नसते, व तो ताण गिअरचे दांते सोसतात. क्रॉस व पाट्यांच्या पिना यांस ठरल्या वारीं ग्रीस द्यावें. जुन्या गाडीवानांस वंगणाचा वार चुकलेला खपत नसे.

ऋतुचर्या कोंकणांत विशेष महत्त्वाची. आगोटीस घरांत जशी बेगमी होते, तशी गाडीचीहि व्हावी : वायपरचीं रबरें, बॅटरीचें अर्थिंग, टायरच्या नक्ष्या. पावसाळा सरला, कीं चासीच्या पोकळींत बसलेला लाल चिखल धुऊन काढावा. तो ओल धरून ठेवतो, व गंज आंतून पोंखरीत जातो. मिऱ्या-भाट्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यानें खालची बाजू धुवावी. वापरलेलें ऑइल तळाला फासण्याची चाल आहे. पण तें रबरी बुश सुजवितें व अंगणांतील मातीहि नासवितें. उन्हाळ्यांत रेडिएटरच्या जाळीमधील धूळ आंतून बाहेर, हलक्या धारेनें काढावी.

या सर्वांत एक गोष्ट जिवाशीं गांठ घालणारी आहे. गतवर्षीं भाद्रपदांत पुतण्या आपल्या मातोश्रींस घेऊन कोल्हापुराहून परत येत होता. आंबा घाट अर्धा उतरल्यावर पेडल एकाएकीं मऊ पडलें. सुदैवानें चढतांना लागणाऱ्या गिअरांतच उतरण्याची संवय त्यास होती. इंजिनाच्या आवरणावर त्यानें गाडी कडेस आणून थांबविली. ब्रेकचें ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. असें ऑइल उतारावर तापलें, कीं त्यांत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते, पण दाब पुढें पोंचवीत नाहीं. जुन्या जीपमध्यें चारहि चाकांचे ब्रेक एकाच नळीमार्गावर असतात. तो निकामी झाला तर उरतो फक्त हातब्रेक व गिअर. आमच्या दमट हवेंत हें ऑइल निदान दोन वर्षांनीं बदललेंच पाहिजे. त्याचा खर्च एका टायरच्या किमतीपुढें नगण्य आहे.

वहिनी घरीं आल्यावर एवढेंच म्हणाल्या, “बाबा रे, गाडी दिसायला कशीहि असो, थांबली पाहिजे.” दुसऱ्या आठवड्यांत ३१ इंची टायर उतरले. कायद्याचाहि रोख हाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफारास आडकाठी करतें, व २०१९ त सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणेंच लावला. तेव्हां कोणताहि बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें.

ज्यांच्या घरीं अशी गाडी रोज राबते, त्यांनीं तींत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदललें, काय बिघडलें, एवढें चार ओळींत लिहावें. सहा महिन्यांनीं ती वही सलग वाचली, म्हणजे आज मोडलेल्या भागाचें मूळ मागच्या कोणत्या हौसेंत आहे, हें घरांतील कोणासहि दिसेल. नवें कांहीं बसविण्याची इच्छा झालीच, तर आधीं एक प्रश्न विचारावा : याचा भार कोणत्या भागावर जाणार, आणि तो भाग तो सोसण्यास समर्थ आहे काय?