ऋण मुळाचा हक्क

वर्गमूळ म्हणजे धन संख्याच, ऋण मूळ ही केवळ बीजगणिती कल्पना असून व्यवहारात तिला थारा नाही, असा एक पक्ष वारंवार मांडला जातो. √9 असे लिहिले असता 3 हेच मूल्य सर्वमान्य आहे, हा त्या पक्षाचा मुख्य आधार. आधार खरा आहे. अनुमान मात्र सर्वथा चुकीचे आहे. 3 चा वर्ग जसा 9, तसाच −3 चाही 9; तेव्हा मूळत्व दोहोंच्या ठायी सारखेच असून, चिन्हाने धन मुळास मुखत्यार नेमले म्हणून ऋण मुळाचा हक्क बुडत नाही.

धन संख्येस धन व ऋण अशी दोन मुळे असतात, हे भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात निःसंदिग्धपणे सांगितले. त्यांतीलच एक प्रश्न असा : कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनात क्रीडा करीत आहेत व उरलेले 12 टेकडीवर आहेत, तर एकूण वानर किती? वर्ग पूर्ण केला म्हणजे, कळपाच्या संख्येतून 32 वजा करून येणाऱ्या बाकीचा वर्ग 256 ठरतो. धन मूळ 16 घेतल्यास वानर 48, आणि ऋण मूळ −16 घेतल्यास 16. दोन्ही उत्तरे ताळ्यास उतरतात. ज्याने ऋण मूळ आरंभीच खारीज केले, त्याने 16 वानरांचा एक सबंध, सजीव कळप गमावला!

याच्या उलट, √9 चे मूल्यच ±3 मानावे, हा दुसरा पक्षही ग्राह्य नाही. तसे मानल्यास √9 + √16 या साध्या बेरजेची 7, 1, −1 आणि −7 अशी चार उत्तरे संभवतील, आणि वर्गसमीकरणाच्या सूत्रात करणीचिन्हामागे ± लिहिण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

‘मग प्रत्येक उत्तर स्वीकारावे काय?’ असा आक्षेप येईल. आचार्यांच्याच दुसऱ्या प्रश्नात कळपाच्या पंचमांशातून 3 वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले व एक फांदीवर दिसला; तेथे 50 आणि 5 अशी उत्तरे निघतात. परंतु 5 च्या पंचमांशातून 3 वजा होत नाहीत, म्हणून त्यांनी 5 नाकारले. हे उत्तर धनच होते, हे विशेष. निकाल चिन्हावर नव्हे, प्रश्नाच्या अटींवर झाला.

म्हणून सिद्धान्त असा : मुळे दोन, करणीचिन्हाचे मूल्य एक, आणि निवडीचा अधिकार प्रश्नाचा. विद्यार्थ्याने ऋण मूळ खोडण्यापूर्वी त्याचा ताळा अवश्य पाहावा.