आमचा माणूस आम्ही ठरवू

मूलबाळ नसलेल्या, जोडीदार गमावलेल्या, लग्नच न केलेल्या सर्व ज्येष्ठांना. तसेच त्यांचे शेजारी, डॉक्टर आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांना

शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या ऑपरेशनला नातेवाइकाचीच सही लागते, असे कायदा म्हणत नाही. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात उलट सांगितले आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचे गर्भाशय डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढून टाकले होते. रुग्ण सज्ञान आहे, बेशुद्धी तात्पुरती आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तेव्हा संमती तिचीच हवी, आईची चालणार नाही, असा निकाल झाला. जिथे जन्मदात्या आईची सही चालली नाही, तिथे खुबा मोडलेली एकटी बाई नागपूरहून येणाऱ्या भाच्याच्या सहीसाठी स्ट्रेचरवर का ताटकळते? रुग्णालयाला बिलाची हमी हवी असते आणि उद्या भांडायला कोणी येऊ नये याची तजवीज हवी असते, म्हणून. मग तसे स्पष्ट म्हणा. हमी डिपॉझिटने देता येते, विम्याने देता येते. वीस वर्षे शेजारी राहून औषधपाणी पाहणाऱ्या बाईला "तुम्ही यांच्या कोण?" असे विचारून दाराबाहेर काढण्याचे कारण नाही.

या पत्रकाचे म्हणणे एवढेच आहे की, ज्याला जवळचे कुटुंब नाही त्यानेही आपला माणूस निवडलेला असतो. मैत्रीण असते, सहकारी असतो, लहानाची मोठी होताना पाहिलेली शेजारची मुलगी असते. तो माणूस कागदावर आणणे हे आपले काम आहे आणि त्या कागदाला मान देणे हे शासनाचे, बँकेचे, रुग्णालयाचे काम आहे. आज दोन्हीकडे चालढकल आहे.

कागद न केल्याने काय होते, हे नारायणीदेवींच्या प्रकरणात पाहा. १९५५ मध्ये लग्न झाले, तीन महिन्यांच्या आत नवरा साप चावून गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी सांभाळले, शिकवले. ती नोकरीला लागली आणि पुढचे सगळे आयुष्य स्वतःच्या कमाईवर जगली. १९९६ मध्ये गेली तेव्हा बँकेत पैसे होते, प्रॉव्हिडंट फंड होता, मृत्युपत्र मात्र नव्हते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूल नसलेल्या विधवेच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो, तिच्या आईवडिलांचा त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाला धरून तिची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. नुसत्या सहानुभूतीवर हक्क ठरत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. तिला हाकलणाऱ्या घराला तिचा पैसा मिळाला आणि तो कायद्याने मिळाला! हे कलम बदला, अशी शिफारस विधी आयोगाने २००८ मध्येच आपल्या २०७ व्या अहवालात केली होती. कलम अजून उभे आहे. पुरुषाच्या बाबतीतही कायदा वारस शोधत भावंडांकडे, पुतण्या-भाच्यांकडे आणि दूरच्या भाऊबंदांकडे जातो. कोणीच सापडले नाही तर कलम २९ प्रमाणे मिळकत सरकारजमा होते. जिने शेवटची सात वर्षे अंघोळ घातली, भात मऊ करून भरवला, तिचे नाव या यादीत कुठेही नाही.

भगिनींनो, कायदा बदलेपर्यंत थांबू नका. मृत्युपत्र साध्या कागदावर होते. त्याला स्टॅम्प लागत नाही. तुमची सही हवी आणि ती पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती कराच, कारण तुमच्यामागे तुमच्या बाजूने बोलायला घरचे कोणी नसेल आणि "म्हातारीला भान नव्हते" असे म्हणायला दोघेतिघे हमखास उगवतील. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर नेमा, तो शक्यतो तुमच्यापेक्षा पंधरावीस वर्षांनी लहान असावा. मुस्लिम कायद्यात आणि गोव्याच्या वारसा कायद्यात मृत्युपत्राने किती देता येते यावर मर्यादा आहेत. ते कायदे ज्यांना लागू आहेत त्यांनी वकिलाला विचारून पुढे जावे.

फॉर्मवर नॉमिनी लावला म्हणजे झाले, या समजुतीने फार नुकसान केले आहे. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. तरीही नॉमिनी लावा, नाहीतर खात्याला वालीच राहत नाही. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये पडून होते.

बक्षीसपत्राला तर कळकळीने विरोध करतो. "मावशी, फ्लॅट आत्ताच नावावर करा, आम्ही शेवटपर्यंत पाहू," असे म्हणणाऱ्यावर प्रेम करा, पण सही करू नका. जिवंतपणी घर देऊन टाकलेला माणूस त्या घरात पाहुणा होतो. द्यायचेच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात घाला. अट असली आणि ती पाळली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकते. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाची मिळकत ज्याला वारसाने मिळणार आहे किंवा ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याकडून तो ज्येष्ठ निर्वाहभत्ता मागू शकतो. वारसा हवा असेल त्या भाच्याने आज दरमहा हात सैल करावा.

आता सर्वांत अवघड भाग. मेल्यानंतरची व्यवस्था मृत्युपत्राने होते. पण जिवंत असताना बुद्धी साथ सोडते त्या वर्षांचे काय? बहुतेक जण म्हणतात, कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे. ते कामाचे असते तोवरच, जोवर तुम्हाला त्याची फारशी गरज नसते. देणाऱ्याचे मन शाबूत राहिले नाही की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, केअरटेकरचा पगार द्यायचा आहे, एफडी मोडायची आहे, आणि तुम्ही स्वतः विचारपूर्वक निवडलेल्या माणसाचा अधिकार नेमका त्याच दिवशी रद्द! मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्या. तिथे जाणार कोण आणि वकिलाचा खर्च देणार कोण? अनेक देशांत बुद्धी गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी आहे. आपल्याकडे ती नाही, आणि या उणिवेचा सगळा भार एकट्यांवर पडतो.

उपचारांपुरती वाट मात्र उघडी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे साध्या कागदावर सही करून नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईक असण्याची अट नाही आणि कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा मोठा बिघाडही येतो. अखेरच्या उपचारांसाठी वैद्यकीय इच्छापत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात त्याची प्रक्रिया जवळजवळ अशक्य होती. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तुमच्या वतीने बोलणारा म्हणून पालक किंवा जवळचा नातेवाईक नेमायचा आहे. 'किंवा' म्हटले आहे, म्हणजे नातेवाईकच हवा असे नाही, हे प्रत्येक रुग्णालयाने वाचावे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना महाराष्ट्र विसरलेला नाही. नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना सांभाळले ते त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आला तेव्हा मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. जे रोज सांभाळतात तेच आपले, हे देशातल्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले आहे. मग सोसायटीच्या ऑफिसात आणि रुग्णालयाच्या काउंटरवर ते अजून का पोहोचत नाही?

आमच्या मागण्या सरळ आहेत. रुग्णाने लेखी नेमलेल्या व्यक्तीला नातेवाइकाइतकाच मान द्यावा, असे परिपत्रक राज्य शासनाने सर्व रुग्णालयांसाठी काढावे. बुद्धी गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी, हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेसह, संसदेने कायद्यात आणावी. कलम १५ बदलावे. वैद्यकीय इच्छापत्राची प्रत सांभाळणारा अधिकारी कोण, कोणत्या खोलीत, कोणत्या वेळेत भेटतो, हे प्रत्येक महापालिकेने आणि नगरपालिकेने फलकावर लिहावे.

ज्येष्ठ नागरिक संघांनी पुढच्या मासिक सभेत हाच विषय पहिला घ्यावा. सभासदांनी एकमेकांच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सह्या कराव्यात आणि नोंदणीला दुय्यम निबंधकाकडे एकत्र जावे. ज्यांना तातडीची मदत हवी आहे त्यांनी १४५६७ या ज्येष्ठ हेल्पलाइनवर फोन करावा. तुमच्या मजल्यावर कोणी एकटे राहत असेल तर हे पत्रक त्यांच्या हातात द्या, नजर अधू असेल तर वाचून दाखवा आणि विचारा: तुमच्या कागदावर कोणाचे नाव लिहायचे?